परीक्षानळी कुणाच्या हातात

नाईक सर,

बैठक झाली. तुम्ही असतात तर स्टाफरूमच्या दारातच विचारलं असतंत, "मग, काय झालं?" म्हणून तेवढं आधी सांगून टाकलं. काय ठरलं ते मात्र शेवटी सांगणार आहे. उत्तर आधी आणि गणित नंतर ही तुमची पद्धत, माझी नव्हे.

खरं तर मुख्याध्यापकांनी तुमच्यावर शाळेच्या अंकासाठी एक पान मागितलंय. जन्म, शिक्षण, सेवा, पुरस्कार, असं. मी लिहायला घेतलं आणि पुरस्कारापाशी अडले, कारण तुम्हाला एकही मिळालेला नाही. मग विचार केला, एवीतेवी लिहायचंच आहे तर तुम्हालाच लिहावं. अंकाचं पान कुणीही भरेल.

आपली जोडी तशी विजोडच. तुम्ही वसईतल्या निर्मळचे, केळी-फुलांच्या वाडीतले. पहाटे केळींना पाणी सोडून, फुलांच्या पाट्या रवाना करून, नखांत माती घेऊन स्कूटरवर शाळेत येणारे. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन विरारच्या फ्लॅटमध्ये येऊन पडलेली. घरच्यांशी फोनवर तुम्ही जी वाडीची बोली बोलायचात, ती मला इतक्या वर्षांत निम्मीच कळली. दहावीचं विज्ञान आपल्या दोघांत वाटलेलं होतं. धडे माझ्याकडे, प्रयोग तुमच्याकडे. संस्थेने हे सोयीसाठी केलं असणार, पण त्यातून आपल्याला जन्मभर पुरेल एवढं भांडण मिळालं.

मुलांना प्रयोगाचा तास आवडतो याबद्दल आपलं दुमत नव्हतंच. का आवडतो, यावर वाद होता. बाकावरून उठायला मिळतं म्हणून, असं मी म्हणायचे. बोलता येतं, ढकलाढकली करता येते, चुकून काही फुटलं तर दिवसभराची करमणूक होते. तासाच्या शेवटी 'काय शिकलात?' विचारलं तर 'निळं झालं' यापलीकडे एकाला सांगता येत नाही. तुम्ही शांतपणे डबा उघडायचात आणि म्हणायचात, "निळं झालं हे काय थोडं झालं, मॅडम?" यावर काय बोलायचं माणसाने! तुमचं हे नेहमीचंच. समोरच्याने तलवार उपसावी आणि तुम्ही त्याला केळं सोलून द्यावं.

विहिरीचा प्रसंग तुम्हाला आठवतो का? मी तर तो वादात इतक्या वेळा वापरला आहे की गुळगुळीत झालाय. सराव परीक्षा होती. प्रत्येक गटाला एक क्षार दिलेला, त्यात क्लोराइड आहे, ब्रोमाइड आहे की आयोडाइड, ते ओळखायचं. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे, पांढरा गाळ, म्हणजे साका, आला तर क्लोराइड, फिकट पिवळा तर ब्रोमाइड, गडद पिवळा तर आयोडाइड. पोरांनी नळ्या शाळेच्या नळाखाली विसळल्या, क्षारही त्याच पाण्यात विरघळवला. नळाला पाणी आवारातल्या विहिरीचं, आणि आपल्या विहिरीत मीठ किती ते चहा पिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. झालं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या नळ्यांत पांढरं उठलं. ज्याला त्याला क्लोराइड सापडला.

मी कपाळाला हात लावला. तुम्ही मात्र हसत सुटलात आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण देऊन टाकलेत. "मुलांचं बरोबर आहे," म्हणालात. "क्लोराइड आहेच. आपणच घातलाय."

"सर, परीक्षेला विहीर येत नाही," मी म्हणाले.

"मुलं मात्र विहिरीपाशीच राहणार आहेत, मॅडम."

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही मुलांना घरून बाटलीत पाणी आणायला लावलंत. निर्मळच्या वाडीतलं, राजोडीच्या किनाऱ्याजवळचं, पाचूबंदरच्या बोअरचं, विरारच्या टँकरचं. सगळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब साध्या पाण्यासारखे सढळ हाताने टाकलेत. निर्मळचं जरासं गढूळलं, पाचूबंदरचं दुधासारखं झालं, आणि आमच्या विरारच्या टँकरचं त्याहून दाट. त्या संध्याकाळी एका पालकांनी मला फोन केला. सोसायटीत भांडण लागलंय, टँकर कुठून येतो म्हणून सगळे सेक्रेटरीच्या अंगावर धावून गेलेत, हे अभ्यासक्रमात आहे का, असं विचारत होते. मी म्हटलं, नाही. फोन ठेवला आणि हसले. ते हसणं तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही डोक्यावर बसला असतात.

माझी बाजू काही वेडगळ नव्हती, सर. अजूनही नाही. माझ्या वर्गात बसणाऱ्या पोरांना दहावीची एकच संधी असते. कुणाच्या घरी दुसऱ्यांदा बसवायची ऐपत नसते, कुणाच्या घरी सहनशक्ती नसते. प्रयोगाला दोन तास जातात, नळ्या पुसायला अर्धा. तेवढ्यात माझा एक धडा होतो. म्हणून मी दरवर्षी बैठकीत सांगायचे की प्रात्यक्षिकं कमी करा, एकदा टेबलावर करून दाखवा, पुरे. तुम्ही दरवर्षी सांगायचात की करून दाखवणं म्हणजे दुसऱ्याला जेवताना पाहणं. संस्था दरवर्षी चहा पाजून आपल्याला घरी पाठवायची.

यंदा मात्र तसं नव्हतं. यंदा खरंच निर्णय व्हायचा होता. प्रयोगशाळेच्या खोलीत मोठा पडदा लावायचा, खुर्च्या टाकायच्या, प्रयोग चित्रफितीवर दाखवायचे आणि ओटे, बेसिन, कपाटं सगळं काढून टाकायचं. त्या बैठकीच्या आदल्या आठवड्यात जिन्यात आपलं शेवटचं बोलणं झालं. शेवटचं आहे हे आपल्याला कळलं असतं तर आपण कदाचित जरा बरं काही बोललो असतो. तुम्ही म्हणालात, "बैठकीत तुम्ही तुमचं बोला, मी माझं बोलतो. पण त्याआधी एकदा मुलांना विचारा."

मी म्हणाले, "मुलांना विचारून शाळा चालवायची तर दिवसभर मधली सुट्टीच चालेल."

तुम्ही हसलात, हेल्मेट घातलंत आणि गेलात. दोन दिवसांनी सकाळी वाडीत पाणी सोडायला गेलात ते तिथेच. मला फोन आला तेव्हा मी नववीचे पेपर तपासत होते. ऐकलं, आणि हातातला पेपर पूर्ण तपासून मगच उठले. का ते मला सांगता येत नाही.

बाराव्याला तुमच्या घरी आले होते. वहिनींनी माझ्यासाठी शाळेची मराठी करून दोन वाक्यं बोलायचा प्रयत्न केला, मग त्यांचं त्यांनाच हसू आलं आणि लगेच रडूही. "तुमचंच नाव असायचं घरात," त्या म्हणाल्या. "सकाळी फुलं खुडताना एकटेच भांडायचे तुमच्याशी. मॅडम असं म्हणतील, मग मी असं म्हणेन. मी म्हणायचे, अहो, फुलं तरी नीट खुडा."

सर, मी समजत होते की तुम्हाला सगळं आपोआप सुचतं. तुम्ही तयारी करून येत होतात, हे ऐकून मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं. माझ्याशी भांडायला कुणी तयारी करून येत होतं. आता कुणी येणार नाही.

दुखवटा म्हणून बैठक पुढे गेली. मुख्याध्यापक म्हणाले, आता विज्ञानात तुम्हीच ज्येष्ठ, तेव्हा मत तुम्हीच द्यायचं. संस्थेच्या अध्यक्षांना माझं मत पाठच होतं. खरं तर काम सोपं होतं. एक वाक्य बोलायचं, पडदा लावा. तरी मी दहावीच्या वर्गात जाऊन पुस्तक मिटलं आणि फळ्याकडे पाठ करून उभी राहिले. तुमचं ऐकायचं म्हणून नव्हे, मला तुमचा मुद्दा खोडायचा होता. मेलेल्या माणसाशी वाद जिंकायची ही संधी मी सोडणार नव्हते.

"प्रयोगाच्या तासाबद्दल तुम्हाला काय वाटतं ते सांगा," मी म्हणाले. "खरं सांगायचं. कुणाचे गुण कापणार नाही."

मग मागून एक आवाज आला, "टीचर, नाईक सरांबद्दल चांगलं बोलायचंय का?"

"नाही. प्रयोगाबद्दल बोलायचंय."

पहिला उठला वेदांत. आमच्याच बाजूच्या सोसायटीतला, हुशार, घड्याळाकडे बघत जगणारा मुलगा. "खरं सांगू, टीचर? व्हिडिओच बेस्ट आहे. लॅबमध्ये आम्ही सहा जण एका टेस्ट ट्यूबवर. मागच्याला काय दिसतच नाय. व्हिडिओ पॉज करता येतो, परत बघता येतो. आणि त्यात एक्सपेरिमेंट कधी फेल होत नाय."

माझंच म्हणणं, मी न शिकवता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

राजोडीचा जोएल बसल्या जागेवरून म्हणाला, "व्हिडिओला वास येतो काय रे?" वर्ग हसला. मग तो उभा राहिला. "टीचर, लॅबमध्ये ट्यूब फुटली तरी सर ओरडत नाय." थांबला. "नव्हते ओरडत." आणि खाली बसला.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने सांगितलं की प्रयोगात मजा येते, पण त्याने धडा समजतो असं काही नाही, धडा शिकवणीच्या क्लासमध्येच समजतो. दुसरी म्हणाली, प्रयोग केला की तो लक्षात राहतो, पण का झाला ते लक्षात राहत नाही. एकाने सांगितलं, सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी होतात आणि ती घरी दाखवायला आवडतात. एक जण म्हणाला, उत्तर काय यायला पाहिजे ते जुन्या मुलांना विचारून आधीच माहीत असतं, मग करायचं कशाला? तुम्ही तिथे असतात तर दर वाक्याला एकदा तुमचा आणि एकदा माझा चेहरा पडला असता. पोरांनी कुणालाच जिंकू दिलं नाही.

मग दीक्षा उठली. पाचूबंदरची, आई जेट्टीवरच्या लिलावात मासळी घेऊन वसईच्या बाजारात बसते. वर्गात फारशी न बोलणारी, पण अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचा सुविचार मी तिलाच लिहायला देते.

"टीचर, मी परीक्षानली कंदी धरलीच नाय."

मला वाटलं, या वर्षी म्हणते. "नववीत तरी?"

"नाय. आमच्या गटात जोएल करतो. मी लिवते. माजं अक्षर चांगलं हाय म्हनून."

"आणि सर? सर काय म्हणायचे?"

"सर येऊन बगायचे. म्हनायचे, छान लिवलंस."

जोएल ताडकन उठला. "मी हिसकून नाय घेतली, टीचर! तिने कधी मागितलीच नाय."

"तू इचारलंस कंदी?" दीक्षा म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. जोएल मात्र पाहता पाहता लाल झाला.

मी विचारलं, आणखी कोण कोण फक्त लिहितं? हात वर यायला लागले. आधी एक-दोन, मग एकमेकांकडे बघत बघत बाकीचे. बऱ्याचशा मुली, आणि मागच्या बाकांवरची ती मुलं, ज्यांना कुणी कधीच पुढे येऊ देत नाही. वेदांतचाही हात वर होता. त्याला व्हिडिओ का आवडतो, ते मला तेव्हा कळलं.

सर, हे तुमच्याच प्रयोगशाळेत घडत होतं. तुम्ही जिथे आवाज मोठा तिथे उभे राहायचात. जिथे काहीतरी उकळतंय, फुटतंय, पोरं ओरडतायत, तिथे तुमचे डोळे चमकायचे. ओट्याच्या कडेला कागद धरून उभ्या असलेल्या मुलीला तुम्ही छान म्हणायचात आणि पुढे जायचात. तुमच्यावर रागावून लिहीत नाही मी. तुम्ही असतात तर त्याच मधल्या सुट्टीत हे तुमच्या तोंडावर सांगितलं असतं, तुम्ही डबा बाजूला ठेवला असतात आणि बहुतेक पहिल्यांदाच तुमच्यापाशी उत्तर नसतं. तो तुमचा चेहरा मला पाहायला हवा होता. जिंकायचं म्हणून नाही. तुम्ही पुढे काय केलं असतं, ते बघायचं होतं.

इतकी वर्षं आपण भांडलो ते परीक्षानळी हवी की नको यावर. ती कुणाच्या हातात जाते, हा प्रश्न तुमच्याही वाटणीत नव्हता आणि माझ्याही.

बैठकीत अध्यक्षांनी चहा यायच्या आतच विषय काढला. "शिंदे मॅडम, तुमचं मत तर आम्हाला माहीतच आहे. मग पडदा लावून टाकायचा ना?"

"नको," मी म्हणाले.

त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अहो, तुम्हीच दरवर्षी म्हणता, प्रयोगात वेळ जातो."

"जातो. आजही म्हणते."

"मग?"

"अर्ध्या वर्गाने अजून परीक्षानळी हातात धरलेली नाही. जे दिलंच नाही ते काढून कसं घेता?"

एक सदस्य मऊ आवाजात म्हणाले, नाईक सरांच्या जाण्याचं दुःख सगळ्यांनाच आहे, त्यांची आठवण म्हणून त्या खोलीत त्यांचा मोठा फोटो लावू. मी म्हटलं, फोटो नको, नळ्या आणा. सर, हे जरा उद्धटपणाचंच झालं. पण अध्यक्ष हसले, आणि ते हसले की बाकीच्यांना हसावंच लागतं. पुढे काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. तुम्ही तिथे असतात आणि हेच बोलला असतात तर त्यांनी तुम्हाला चहा पाजून घरी पाठवलं असतं. मी बोलले म्हणून ऐकलं. विरोधातली बाईच प्रयोगशाळा ठेवा म्हणते, तर काहीतरी असेल, असं त्यांना वाटलं असावं. इतकी वर्षं मी तुमच्या विरुद्ध बोलले त्याचा तुम्हाला असा उपयोग होईल, हे तुमच्याही डोक्यात आलं नसेल.

तर ठरलं ते असं. पडदा वाचनालयात लागणार. वेदांतला तो हवा आहे, आणि त्याचंही काही चूक नाही. प्रयोगशाळा वार्षिक परीक्षेपर्यंत राहणार, पुढचं पुढे पाहू. अट एकच, वर्गाचे दोन भाग करायचे आणि गट लहान ठेवायचे. म्हणजे शाळा सुटल्यावर एक जास्तीचा तास आला. "तो कोण घेणार?" अध्यक्षांनी विचारलं. सगळे आपापल्या कपात बघायला लागले. "मी घेते," असं कुणीतरी म्हणालं आणि तो माझाच आवाज निघाला. माझा मला राग आला, आणि तुमचा त्याहून जास्त. या वयात, धड गुडघे नसताना, तीन मजले चढून त्या वासाच्या खोलीत.

पडदा लावा म्हणायला गेले होते आणि प्रयोगशाळा गळ्यात घेऊन आले, पण माझं मत बदललं असं समजू नका. प्रयोगाने धडा समजत नाही, यावर मी ठाम आहे. तुम्ही समोर असतात तर आणखी ठाम राहिले असते. सर, मला तुमची आठवण येते. स्टाफरूममध्ये तुमच्या खुर्चीवर चित्रकलेच्या बाई बसतात हल्ली, फार गोड आहेत, माझ्या प्रत्येक वाक्याला हो म्हणतात. एवढं हो ऐकायची मला सवय नाही.

काल पहिला तास झाला. एका ओट्यावर तिघंच. दीक्षा, जोएल आणि आणखी एक मुलगी. मी एवढंच सांगितलं, जो इतके दिवस लिहीत होता तो आज करेल, आणि जो करत होता तो लिहील. जोएलने कागद असा घेतला की जणू कुणी त्याला मुलीची ओढणी धरायला दिली आहे. दीक्षाने नळी बोटांत नाही, मुठीत धरली. ड्रॉपर जरा जास्तच दाबला, दोन थेंबांच्या जागी धारच गेली. तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. सिल्व्हर नायट्रेट किती जपून वापरतो आपण, माझ्या तोंडावर शब्द आलेच होते. ते मी गिळले.

नळीत हळूहळू पिवळं धरायला लागलं.

जोएलने पेन उघडलं आणि सवयीने माझ्याकडे वळला. "टीचर, काय लिहू?"

"मला काय विचारतोस? मी कुठे केलंय?"

तो तिच्याकडे वळला. दोन वर्षं एका ओट्यावर उभे राहिलेत दोघं. "दीक्षा, काय लिहू?"

तिने नळी खिडकीकडे उजेडात धरली. वरून बघितलं, खालून बघितलं, जराशी हलवली. खाली शाळेच्या फाटकापाशी रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, तास संपत आला होता, आणि तिला कशाचीच घाई नव्हती.

"थांब ना," ती म्हणाली. "मला बगू तर दे."

आणि सर, तो जोएल पेन हातात धरून थांबला.